पुसलं की झालं?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पुण्याच्या बोहरी आळीत माणसं घरातली आवराआवर अर्धी टाकून येतात. कुणाच्या हातात पडद्याच्या दांडीचं माप असतं, कुणाच्या पिशवीत तुटलेली बिजागरी. रविवार पेठेतल्या या भागात हार्डवेअर, दोर, ताडपत्री, रेक्झिन आणि प्लॅस्टिकचा माल दाटीवाटीनं मिळतो. प्लॅस्टिकवाल्यांच्या दारात उभे केलेले टेबलकव्हरचे रोल लांबूनच ओळखू येतात: द्राक्षांचे घड, सूर्यफुलं, निळी-पांढरी चौकडी, संगमरवरी रेघा, सोनेरी लेसची छपाई. आणि कडेला पारदर्शक शीटचा जाड, किंचित निळसर दिसणारा रोल.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘डायनिंग टेबलसाठी दाखवा.’ दुकानदार विचारतो, ‘किती फुटी?’ इथेच अनेकांची पंचाईत होते. टेबल सहा जणांचं आहे एवढं ठाऊक असतं, लांबी-रुंदी घरी राहिलेली असते. मग दोन्ही हात पसरून माप दाखवलं जातं, घरी फोन लावला जातो. तोवर दुकानदारानं रोल आडवा पाडून हातभर कापड उलगडलेलं असतं. त्यावर तो पाण्याचे चार थेंब टाकतो, फडक्यानं टिपतो आणि म्हणतो, ‘बघा, पुसलं की झालं.’

पाण्यापुरतं ते खरंच आहे. पण मराठी घरातल्या टेबलावर नुसतं पाणी सांडत नाही. लोणच्याचा खार सांडतो, मिसळीची तर्री सांडते, वरणभातावरच्या तुपाची धार ताटाबाहेर जाते. यातलं बरंचसं तेल तरी असतं, नाही तर तेलात मुरलेलं तरी. आणि गंमत अशी, की ज्या कापडावर हे सांडतं तेसुद्धा आतून एका तेलकट द्रवानंच मऊ केलेलं असतं. टेबलकव्हर घेताना आणि साफ करताना होणारे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

पाइपातली पावडर

व्हायनिलचं टेबलकव्हर म्हणजे पीव्हीसी, पॉलिव्हायनिल क्लोराइड. मुळात ही मैद्यासारखी पांढरी पावडर. वजनानं तिच्यात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो आणि तो मिठापासून मिळवतात; उरलेला भाग पेट्रोलियमकडून येतो. रत्नागिरीजवळच्या फिनोलेक्सच्या कारखान्यात हे रेझिन तयार होतं आणि त्याचा मोठा वाटा पाइपांसाठी जातो. शेतातला कडक पाइप आणि टेबलावरचं लुसलुशीत कव्हर हे एकाच पदार्थाचे दोन अवतार.

कडक पावडरीला मऊ करण्याची युक्ती अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात १९२६ साली सापडली. बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काही मिळतं का ते शोधत होता. उशिरा उकळणाऱ्या द्रवात त्यानं पीव्हीसी तापवलं आणि थंड झाल्यावर त्याच्या हाती रबरासारखा लवचिक गोळा आला. डिंक काही मिळाला नाही, पण पुढे रेनकोट, वायरींची आवरणं आणि टेबलकव्हरं यांची वाट मोकळी झाली.

त्या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. पीव्हीसीच्या लांबलचक रेणूंमध्ये तो जाऊन बसतो, त्यांना एकमेकांवरून सरकू देतो आणि कापडाची घडी पडते, ते लोंबतं. मऊ पीव्हीसीत वजनाचा पाव ते एकतृतीयांश हिस्सा या द्रवाचा असू शकतो. पण तो रेणूंशी रासायनिक बंधानं जोडलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. त्यामुळे तो हळूहळू बाहेर येऊ शकतो, शेजारच्या वस्तूत शिरू शकतो आणि बाहेरचे तेलात विरघळणारे रंग आत घेऊही शकतो.

कारखान्यात रेझिन, प्लॅस्टिसायझर, रंग, उष्णतेत टिकण्यासाठी स्टॅबिलायझर आणि भरणीसाठी खडूची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट एकत्र मळतात. हा गरम गोळा तापलेल्या पोलादी रुळांमधून काढला की त्याचा पापुद्रा होतो. या कामाला कॅलेंडरिंग म्हणतात. त्यावर छपाई होते, कोरीव रुळानं पोत उठवला जातो, मागे कापडाचा थर चिकटवला जातो. खडू जितका जास्त, तितका माल स्वस्त आणि घडीवर लवकर पांढरा पडणारा. दुकानात कोपरा घट्ट दुमडून नखानं दाबून पाहावा. घडीवर पांढरी रेघ उमटली आणि सोडल्यावरही राहिली, तर तो कोपरा वर्षभरात चिरण्याची शक्यता मोठी.

पाटावरून टेबलावर

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत जेवण जमिनीवर होई. पाट, ताट, समारंभाला केळीचं पान. जेवणं झाली की उष्टं काढून त्या जागी शेणगोळा फिरवायचा. खरकटं तिथल्या तिथे निपटायचं, ही सवय त्या काळापासूनची. टेबल आलं तेव्हा प्रश्न उभा राहिला, की सुती टेबलक्लॉथ रोज कोण धुणार? हळदीचा डाग पडलेला पांढरा टेबलक्लॉथ चारचौघांत अंथरताही येत नाही.

व्हायनिलच्या आधी या कामाला मेणकापड होतं. नावात मेण असलं तरी त्याचा जुना प्रकार जाड सुती कापडावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे थर देऊन बनवत. विदर्भात ज्याची चटणी होते तोच जवस. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्याचा पाणी न शोषणारा पापुद्रा होतो. मात्र कालांतरानं तो पापुद्रा तडकतो. मऊ पीव्हीसी आल्यावर जवसाचं मेणकापड मागे पडलं. नाव तेवढं राहिलं. बाळाच्या दुपट्याखाली घालायच्या रबरी कापडालाही घरोघरी मेणकापडच म्हणतात.

मुंबईच्या इराण्यांनी वेगळा तोडगा काढला. धोबी तलावाजवळच्या १९०४ सालच्या ‘कयानी’ हॉटेलात टेबलावर लाल चौकडीचं कापड असतं आणि वर काच. कापड नजरेला, काच फडक्याला. बनमस्क्याचं लोणी, चहाची बशी, ऑम्लेटचं तेल सगळं काचेवर सांडतं आणि पुढचं गिऱ्हाईक बसेपर्यंत पुसून होतं. पुढे घरगुती टेबलांवर पारदर्शक पीव्हीसी शीट आली ती याच बेतानं. खाली आजीनं विणलेला क्रोशाचा रुमाल, वर ‘क्रिस्टल’ किंवा ‘सॉफ्ट ग्लास’ या नावानं विकली जाणारी शीट. काचेपेक्षा हलकी, न फुटणारी, कोपरा लागला तर खोक न पाडणारी. मात्र तेलाशी असलेलं तिचं नातं काचेसारखं नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही.

मंगल कार्यालयातल्या पंगतीच्या टेबलांवर अंथरतात तो पातळ रोल याहून निराळा. जेवणं झाली की उष्ट्यासकट गुंडाळून टाकण्यासाठी तो असतो. घरच्या टेबलावर तो आणून टिकवण्याचा प्रयत्न करू नये. दोन दिवसांत त्याच्या चिंध्या होतात.

पन्ना, गेज आणि पाठ

रोलच्या रुंदीला पन्ना म्हणतात. छापील व्हायनिलचा नेहमीचा पन्ना ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर. पाच बाय तीन फुटी टेबल म्हणजे ६० बाय ३६ इंच. चारही बाजूंना सहा इंच लोंबतं सोडायचं, तर ७२ बाय ४८ चा तुकडा लागतो. पन्ना पुरतो आणि लांबीत दोन मीटर घेतले की काम होतं. आठ इंच सोडले तरी ७६ बाय ५२ भरतं, तेही याच पन्न्यात बसतं. चार फुटी गोल टेबलाचं गणित मात्र चुकतं. ४८ इंच व्यासाला दोन्हीकडे सहा इंच धरले की ६० इंच होतात आणि ५४ च्या पन्न्यात फक्त तीन-तीन इंच लोंबतात. अशा वेळी ६० इंची पन्ना शोधावा किंवा टेबलाच्या मापाचा गोल तुकडाच कापून घ्यावा. जोड देऊ नये. जोडाच्या फटीत भाताचं शीत बसलं की ते निघत नाही.

आठ इंचांपेक्षा जास्त लोंबणारं कव्हर बसणाऱ्याच्या मांडीत आणि खुर्चीच्या हातात अडकतं. घरात रांगणारं किंवा नुकतं उभं राहायला लागलेलं मूल असेल, तर लोंबतं कव्हर मुळीच नको. मूल कड धरून उभं राहतं आणि वरची आमटी खाली येते. तिथे टेबलाच्या मापाची जाड शीट बरी.

जाडी सांगण्याच्या दोन भाषा बाजारात चालतात. पातळ माल गेजमध्ये, जाड शीट मिलिमीटरमध्ये. १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, ४०० गेज म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पारदर्शक शीट १, दीड, २, ३ मिलिमीटर अशी मिळते आणि नुसत्या बोटानं दीड नि दोनमधला फरक कळणं कठीण. इथे तराजू कामाला येतो. मऊ पीव्हीसीचा एक चौरस मीटर तुकडा १ मिलिमीटर जाडीत साधारण सव्वा किलो भरतो. पाच बाय तीन फुटी तुकड्याचं क्षेत्रफळ १.४ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे १ मिलिमीटरला सुमारे पावणेदोन किलो आणि २ मिलिमीटरला साडेतीन. ‘दोन एमएम’ म्हणून घेतलेली शीट अडीच किलोच भरली, तर ती दीड मिलिमीटरच्याही आत आहे.

तिसरी गोष्ट पाठीची. मागे फ्लॅनेलसारखा लुसलुशीत थर असेल तर कव्हर घसरत नाही, ताट ठेवल्याचा आवाज कमी होतो आणि टेबलाचं पॉलिश वाचतं. पण कडेनं पाणी शिरलं की हा थर ते धरून ठेवतो. नॉन-वोव्हन पाठ स्वस्त असते, तिचे गोळे होतात आणि कोपऱ्यापासून ती सुटते. पाठ नसलेलं कव्हर दोन्हीकडून पुसता येतं. ते सरकतं आणि खालच्या पॉलिशला चिकटतं.

कापलेली कडही पाहावी. चांगल्या मालात छपाई वरच्या पारदर्शक थराखाली असते. हलक्या मालात ती पृष्ठभागावरच असते आणि ओल्या पांढऱ्या रुमालानं जोर लावून घासली तर रुमालाला रंग येतो. पोताचंही तसंच: तागाच्या विणीसारखा उठावदार पोत ओरखडे लपवतो, पण त्याच्या खाचांत तेल साचतं, गुळगुळीत चकचकीत पृष्ठभाग पटकन पुसला जातो, पण त्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. रंग निवडताना जेवण डोळ्यांपुढे आणावं. पांढरा आणि फिकट निळा हळदीला शरण जातात. गडद चॉकलेटी किंवा काळ्यावर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके उठून दिसतात. मोहरी, केशरी, विटकरी छटा असलेली दाट छपाई सगळ्यात जास्त पोटात घालते.

‘व्हायनिल’ म्हणून दाखवलेलं कापड दरवेळी व्हायनिल असतंच असं नाही. पीईव्हीए या दुसऱ्या प्लॅस्टिकची कव्हरंही त्याच रांगेत असतात. घरी ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे कडेची नखाएवढी चिंधी पाठ सोलून पाण्यात बुडवणं. बोटानं दाबून बुडबुडे काढल्यावर पीव्हीसी तळाशी जातं. पीईव्हीए आणि दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन पुन्हा वर येतं. पीव्हीसी पाण्याहून जड, ही दोन्ही हलकी. पीईव्हीए क्लोरीनशिवाय आणि प्लॅस्टिसायझरशिवाय मऊ असतं, वासही कमी येतो, पण उष्णतेला ते आणखी लवकर हार मानतं.

हळदीचा हिशेब

सोलकढी सांडली तर घाबरायचं कारण नाही. आमसुलाचा तांबडा रंग पाण्यात विरघळतो, ओल्या फडक्यानं तो जातो. बीट, डाळिंब, चहा यांचंही बहुतांशी तसंच. हळदीचं आणि तर्रीचं तसं नाही. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. लाल मिरचीचे रंगही तेलातलेच. त्यामुळे नुसत्या पाण्याचं फडकं फिरवलं की डाग पसरतो आणि रंग तिथेच राहतो. दरम्यान कव्हरातला तेलकट द्रव त्या रंगाला आत ओढत असतो. पाच मिनिटांत टिपलेला डाग आणि रात्रभर राहिलेला डाग यांत फरक पडतो तो त्यामुळे. रात्री उशिरा सांडलेलं लोणचं सकाळी पाहू म्हणून सोडलं की पिवळा ठिपका मुक्कामाला राहतो.

क्रम असा ठेवावा. आधी कागदानं किंवा जुन्या सुती चिंधीनं तेल टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग भांड्यांच्या लिक्विडचा थेंब पाणी न घालता थेट डागावर टाकून दोन-तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे साबण तेलाला धरतो. त्यानंतर कोमट पाण्याचं फडकं, मग साध्या पाण्याचं, शेवटी कोरडं. वाळलेल्या डागावर आधी गोडेतेलाचा थेंब चोळला, तर अडकलेला रंग त्या तेलात उतरतो आणि मग साबणानं दोन्ही निघतात. हळद काढायला तेल, हे ऐकायला उलटं वाटतं. कुरकुमिनचा स्वभाव लक्षात घेतला की पटतं.

कधी डागावर कपड्यांचा साबण किंवा खायचा सोडा लावताच तो एकदम लाल होतो आणि लावणारा दचकतो. अल्कलीत कुरकुमिन लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यामागेही हेच रसायन आहे. लिंबाचं पाणी फिरवलं की लाली पुन्हा पिवळी होते. डाग मात्र दोन्ही रूपांत तिथेच असतो, त्यामुळे सोड्यानं घासत बसण्यात अर्थ नाही.

उरलेल्या पिवळेपणावर ऊन हा उत्तम उपाय. कुरकुमिनचा रंग प्रकाशात लवकर विटतो. कव्हर पुसून सकाळच्या उन्हात दोन-तीन तास टाकलं की डाग फिका पडतो. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दिवसदिवस उन्हात टाकू नये, कारण तेच ऊन पीव्हीसीला कडक आणि पिवळं करतं. ऊन नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसानं लावता येतं, आधी कोपऱ्यावर करून पाहून. कपड्यांचं ब्लीच छपाई खातं. आणि ब्लीचवर व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही पडू देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रोजच्या पुसण्याला कोमट पाण्यात लिक्विडचे दोन थेंब पुरतात. तारेची घासणी, भांड्यांचा हिरवा स्क्रबर, राख आणि पितळेची पावडर या चौघांना दूर ठेवावं. त्यांनी पडलेल्या बारीक ओरखड्यांत पुढचा प्रत्येक डाग जाऊन बसतो. उठावदार पोताला जुना मऊ टूथब्रश चांगला. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके एका भाग व्हिनेगरला चार भाग पाणी घेऊन पुसावेत, मग साधं पाणी. कव्हर हाताला चिकट लागायला लागलं, तर बहुधा तो फोडणीच्या वाफेबरोबर येऊन बसलेल्या आणि हवेत घट्ट झालेल्या तेलाचा थर असतो. साबणाचं कोमट फडकं पाच मिनिटं त्यावर पसरून ठेवलं की तो सुटतो. दोनदा धुऊनही चिकटपणा राहिला, तर कव्हरातला द्रवच बाहेर यायला लागलेला असतो, आणि त्यावर उपाय नाही.

जे परत येत नाही

मऊ पीव्हीसी सत्तर-ऐंशी अंशांनाच नरम पडतं. कढत चहाचा स्टीलचा पेला, नुकतं उतरवलेलं आमटीचं पातेलं, कुकरचा डबा यांचा तळ याहून गरम असतो, तवा तर कितीतरी जास्त. कारखान्यात गरम रुळानं उठवलेला पोत गरम पातेलं पुन्हा दाबून टाकतं आणि तिथे गुळगुळीत कडं उमटतं. हे कडं पुसून जात नाही. अडणी नाही तर जाड लाकडी पाटी टेबलावर कायम ठेवणं एवढंच हातात आहे. दिवाळीत टेबलावर पणत्या मांडताना त्या धातूच्या ताटात मांडाव्यात. मातीच्या पणतीतून तेल पाझरतं, ते कव्हरात उतरतं. शिवाय ज्योतीजवळ पीव्हीसी असणं मुळातच बरं नाही.

डायनिंग टेबलावर अभ्यास करणाऱ्या मुलांच्या घरी बॉलपेनच्या रेघा ठरलेल्या. स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर कापसावर घेऊन हलक्या हातानं टिपलं तर ताजी शाई निघते. जोर लावला तर शाईबरोबर फुलंही निघतात. फेव्हिकॉल वाळू द्यावा, तो अख्खा सोलून येतो. नेलपॉलिश सांडलं म्हणून रिमूव्हर मात्र ओतू नये. अ‍ॅसिटोन पीव्हीसीला फुगवतं, पृष्ठभाग कायमचा मळकट होतो. थिनर आणि रॉकेल आतला प्लॅस्टिसायझर धुऊन नेतात; तिथे कापड आधी लख्ख दिसतं आणि मग कडक होऊन चिरतं.

पारदर्शक शीटवर वर्तमानपत्र पसरून ठेवण्याची सवयही महागात पडते. काही दिवसांत बातमीची उलटी अक्षरं शीटवर उमटतात. छपाईची शाई तेलकट असते आणि शीट तिला सहज घेते.

खालचं टेबल

कव्हर टेबलाला जपण्यासाठी घेतात, आणि कधीकधी तेच टेबल बिघडवतं. पाठ नसलेली शीट पॉलिश केलेल्या लाकडावर महिनोन्‌महिने पडून राहिली, तर तिच्यातला द्रव पॉलिशमध्ये उतरतो. लॅकरचं पॉलिश त्यानं मऊ पडतं. उन्हाळ्यात शीट उचलायला जावं तर ती चरचरत सुटते आणि टेबलावर तिच्या पोताचा ठसा राहतो. लाखेच्या पॉलिशवर कडेनं शिरलेलं पाणी अडकून पांढरे ढग उठतात. सनमायकाला यातलं काही होत नाही. काचेलाही इजा नाही, मात्र काचेवर ठेवलेल्या पारदर्शक शीटखाली तेल सांडल्यासारखे ओले नकाशे दिसतात. शीट आणि काच कुठे चिकटते, कुठे सुटते, त्याचा तो आभास असतो. एका बाजूला बारीक पोत असलेली शीट घेतली की हे टळतं.

लाकडी टेबलावर मध्ये सुती चादर किंवा फेल्ट घालावं आणि आठवड्यातून एकदा कव्हर उचलून दोन्ही बाजू कोरड्या कराव्यात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा नियम मोडून चालत नाही. फ्लॅनेलच्या पाठीत ओल राहिली की काळे ठिपके येतात, कुबट वास सुटतो. काही सूक्ष्मजीव गुलाबी रंग तयार करतात. तो रंग प्लॅस्टिसायझरमध्ये विरघळून कापडाच्या आत जातो. असा गुलाबी डाग कितीही घासला तरी हलत नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतोच. पावसाळ्यापुरती पाठ नसलेली शीट वापरणं आणि फ्लॅनेलचं कव्हर कोरडं करून गुंडाळून ठेवणं सोयीचं. गुंडाळून म्हणजे जुन्या पुठ्ठ्याच्या नळीवर. घडी घालून ठेवलं तर घडीवरच ते पहिल्यांदा फाटतं. पडलेल्या घड्या काढायला इस्त्री नको. थोडा वेळ कोवळ्या उन्हात पसरलं किंवा हेअर ड्रायरची मंद हवा उलट बाजूनं दिली की त्या बसतात.

वास, पोळी आणि पापड्या

नव्या कव्हराचा उग्र वास प्लॅस्टिसायझर, छपाईची शाई आणि तिच्यातल्या विद्रावकांचा असतो. एक-दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरलं की तो उतरतो. आठवड्यानंतरही नाकात बसत असेल तर ते कव्हर जेवणाच्या टेबलावर नको.

प्लॅस्टिसायझर म्हणून वर्षानुवर्षं वापरात असलेला डीओपी हा थॅलेट गटातला आहे. प्रजननक्षमतेवर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपीय संघानं त्याच्यासह चार थॅलेटांवर ७ जुलै २०२० पासून घरगुती वापराच्या वस्तूंतही ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. त्याच्या जागी डीओटीपी किंवा सोयाबीनच्या तेलापासून बनवलेले प्लॅस्टिसायझर वापरलेला माल मिळतो. पॅकबंद कव्हरावर ‘थॅलेट-फ्री’ असं छापलेलं सापडतं. रोलमधून कापून घेताना ते विचारावं लागतं, आणि उत्तर मिळेलच असं नाही. तेवढ्यानं घाबरून जायचं कारण नाही. कव्हरावर ताट ठेवून जेवण्यात अन्नाचा त्याच्याशी संबंध येत नाही. गरम पोळी, तुपाचा लाडू, तेलकट भजी थेट कव्हरावर ठेवणं तेवढं टाळावं, कारण हा द्रव तेला-तुपात सहज उतरतो आणि उष्णतेनं आणखी लवकर.

कोपरे चिरले, छपाई उडाली, कडक झालं की कव्हर बदलायची वेळ येते. भंगारवाले ते सहसा घेत नाहीत: पाठीचं कापड, छपाई आणि पीव्हीसी वेगळं करणं परवडत नाही. शेकोटीत किंवा बंबात तर ते मुळीच घालू नये. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डोळे नि घसा जाळणारा. कापून त्याचे तुकडे माळ्यावरच्या ट्रंकेखाली, बेसिनखालच्या कपाटात, कुंड्यांच्या खाली घालता येतात.

एक पुनर्वापर मात्र टाळावा. उन्हाळ्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या आणि कुरडया घालायला मोठं प्लॅस्टिक लागतं आणि नजर जुन्या टेबलकव्हरावर जाते. वाफाळता चीक, वर रणरणतं ऊन आणि खाली मऊ पीव्हीसी हा मेळ नको. त्यासाठी पॉलिथिनचा जाड कागद बाजारात मीटरवर मिळतो. पाण्यात टाकला तर तो तरंगतो.